कादंबरीतला नवरा

आमचं चष्म्यांचं दुकान आहे. दादा पुढे डोळे तपासतो आणि मी मागे काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. दुकान वडिलांनी सुरू केलं, आम्ही दोघांनी चालू ठेवलं. डाव्या हाताला पडदा लावलेली एक अंधारी खोली आहे. तिथे दादा गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवतो, एकामागून एक भिंगं घालतो आणि विचारतो, "हे स्पष्ट की हे?" उभ्या आयुष्यात त्यानं सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य तेच असेल. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप. घरात "हं", "बघू" आणि "पंखा बंद कर" एवढ्यावर तो आठवडा काढतो. लहानपणी आईला वाटायचं, या मुलाची जीभ जड आहे. जीभ चांगली होती, पण ती वापरायची त्याला गरज वाटत नसे.

वहिनी अगदी उलट. तिची सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात झाली. दिवसभर मुलांना "गप्प बसा" सांगून ती घरी यायची आणि जिना चढतानाच बोलायला सुरुवात करायची. कोणत्या शिक्षिकेनं कुणाला काय म्हटलं, कोणत्या मुलानं पुस्तकाची पानं फाडली, सगळं. दादा "हं" म्हणायचा. दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती दोघं राहतात आणि त्याच्याही वर मी, एकटा. लग्नाचं माझं राहून गेलं, त्याची गोष्ट वेगळी.

नोकरी संपल्यावर वहिनीनं कादंबरी लिहिली. कुणाला न सांगता, खिडकीजवळच्या टेबलावर बसून. आम्हाला वाटलं पत्रं लिहितेय. छापलेल्या पुस्तकांचं पाकीट घरी आलं तेव्हा बिंग फुटलं आणि आम्ही दोघं भाऊ बघतच राहिलो.

कादंबरीत बटणांचं दुकान चालवणारं एक जोडपं आहे. वरच्या खोलीत एक भाडेकरू राहायला येतो, बासरी वाजवणारा. बाई त्याच्यात गुंतते. एका सकाळी ती बॅग भरून स्टँडवर जाते, बाकावर बसते, आणि दुपारच्या आत उठून घरी परत येते. नवरा दुकानात बटणं मोजत असतो. तो विचारतो, "चहा घेणार?" तिथे कादंबरी संपते. नवऱ्याला पूर्ण पुस्तकात नाव नाही आणि बोलणं एक पानभर. नवऱ्याला भाऊ नाहीच. म्हणजे मला तिनं सरळ उडवलं.

चष्म्याच्या जागी बटणं घातली म्हणजे कुणाला कळणार नाही, असं वहिनीला वाटलं असावं. पण मी आज जिथे राहतो त्या खोलीत पूर्वी भाडेकरू होता. व्हायोलिन शिकवायचा. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. दादाचं लग्न होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आणि वहिनी एका सकाळी बहिणीकडे जाते म्हणून बॅग घेऊन निघाली आणि गाडी चुकली म्हणून दुपारी परत आली, हे मलाही आठवत होतं. त्यानंतर लवकरच मास्तर खोली सोडून गेला. मला त्या दोन गोष्टी एकत्र जोडायचं कधी सुचलं नाही. कादंबरी वाचल्यावर सुचलं.

दादानं कादंबरी वाचून खाली ठेवली आणि म्हणाला, "छान आहे. छपाई चांगली केलीय."

वहिनीचा चेहरा पडला. पण तिनं विषय वाढवला नाही.

पुस्तक बरं चाललं. मग एक दिवस दुकानात एक उंच बाई आली, फ्रेम न बघता म्हणाली, "लेखिका इथेच राहतात ना?" ती दिग्दर्शिका होती. तिला कादंबरीवर सिनेमा करायचा होता. वहिनी खाली आली, पदराला हात पुसत, आणि काउंटरपाशी उभं राहूनच तिनं अट घातली. "हक्क देते. पण पटकथेला मी बसणार. माझी माणसं मी परक्याच्या हाती देणार नाही."

दिग्दर्शिका हसली. म्हणाली, "बसा की. पण तुमच्याबरोबर आमचा एक लेखक बसेल. सिनेमाचं लिहिणं वेगळं असतं."

तो लेखक पुढच्या सोमवारी आला. पन्नाशीचा, सडपातळ, आवाज भारदस्त, आणि कडक उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. दादानं त्याचं नाव विचारलंच नाही. त्या दिवसापासून तो आमच्या घरात मफलर झाला. मफलर वहिनीला 'लेखिकाबाई' म्हणायचा आणि दादाला 'डॉक्टर'. दादा डॉक्टर नाही. पण त्यानं दुरुस्त केलं नाही.

तर रोज दुपारी मफलर जिना चढायचा आणि दिवेलागणीला उतरायचा. आमचा जिना लाकडी आणि दुकानात उघडणारा. वर जरा मोठ्यानं बोललं की खाली प्रत्येक शब्द येतो.

पहिले काही दिवस नुसती भांडणं. वहिनी म्हणायची, "ती खिडकीत उभी राहते आणि तिच्या मनात येतं की..."

"मनात येतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही, लेखिकाबाई. ती करते काय ते सांगा."

"काही करत नाही. विचार करते. चाळीस पानं विचार करते!"

"चाळीस पानं खिडकी दाखवली तर प्रेक्षक दाराकडे बघायला लागेल."

मला वाटलं आता वहिनी त्याला जिन्यावरून ढकलणार. पण वरून हसण्याचा आवाज आला. वहिनी हसत होती, अगदी पोट धरून. दादा तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होता. ते सगळ्यात खालची ओळ वाचून थांबले. दादा गप्प. ते म्हणाले, "पुढे?" दादा म्हणाला, "परत वाचा." त्यांनी परत वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अहो, पाठ झाली मला." मी पडदा सारून आत डोकावलो तर दादा तक्त्याकडे नव्हे, छताकडे बघत होता.

पुढे भांडणं कमी झाली आणि काम वाढलं. वहिनी शिकत होती. चाळीस पानांच्या खिडकीचं तिनं काय केलं माहीत आहे? बाई बरणीतली बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत बसलीय, वरून बासरी ऐकू येते, आणि हात चुकून सगळे रंग परत एकत्र करतात. बस. संवाद नाही. मफलरनं ते ऐकून टेबलावर थाप मारली. "हे मी लिहिलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. संध्याकाळी वहिनी खाली आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता, की मी बघितलं आणि दादानंही बघितलं.

दादाचा जळफळाट तिथून सुरू झाला. आधी तो दुपारचा वर जायला लागला. रुमाल विसरला, पेन विसरलं, गोळी घ्यायची राहिली. एकदा तो काहीच आठवलं नाही म्हणून नुसता वर जाऊन खाली आला. मग दाढी गुळगुळीत करायला लागला. पांढऱ्या शर्टाला इस्त्री. एका सकाळी त्याच्या अंगाला अत्तराचा वास आला आणि एका गिऱ्हाइकाला अंधाऱ्या खोलीत शिंकांवर शिंका. मी म्हटलं, "दादा, एक मफलरच घे ना."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्यानं काचा घासायच्या चाकाकडे वळलो.

थोड्या वेळानं तो मागे आला. "त्याचं लग्न झालंय का रे?"

"कुणाचं?"

"त्याचं."

"मला काय माहीत. विचार वहिनीला."

"मी कशाला विचारू?" तो म्हणाला आणि पुढे गेला. मग परत मागे आला. "एवढं काय हसायचं असतं? बाईच्या दुःखाची कादंबरी आहे ना ती?"

मी त्याची थट्टा करत होतो, पण मला त्याची दयाही येत होती. त्याला मफलरच्या दिसण्याचं काही नव्हतं. वहिनी मफलरशी जे बोलत होती ते तिनं कधी दादाशी बोललेलं नव्हतं. माणसं आत काय लपवतात, कुणी कुणावर का रागावतं, बाई घर का सोडते आणि का सोडत नाही. हे रोज दुपारी त्याच्या डोक्यावर चाललेलं, त्याच्याच घरात, त्याच्याच टेबलावर, आणि तो खाली लोकांना विचारतोय, हे स्पष्ट की हे.

मग नवऱ्याची पाळी आली. म्हणजे पटकथेतल्या.

मफलर म्हणाला, "लेखिकाबाई, एक अडचण आहे. नवरा. पुस्तकात तो गप्प आहे ते चालतं. पडद्यावर गप्प बसला तर लोकांना वाटेल नट संवाद विसरला. त्याच्या मनात काय आहे हे मला कळायला हवं. त्याला माहीत होतं की नव्हतं?"

"काय?"

"की बायको निघून चाललीय."

"छे! त्याला कुठलं कळतंय? तो बटणं मोजतो. त्याला काही कळत नाही, हेच तर तिचं दुःख आहे."

"एवढ्याशा घरात राहून? मला पटत नाही."

"मी लिहिलंय ना! माझा नवरा आहे, मला माहीत आहे."

तिला कादंबरीतला म्हणायचं होतं. पण ते वाक्य जिन्यावरून जसंच्या तसं खाली आलं. दादा एका पोरीच्या चष्म्याची नाकपट्टी बदलत होता. त्यानं छोटा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, पोरीला म्हणाला, "उद्या ये," आणि दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला.

दोन-चार दिवसांनी मफलर जिना उतरून थेट अंधाऱ्या खोलीत गेला. "डॉक्टर, लिहून लिहून डोळे दुखतायत. बघता का जरा?" दादाला गिऱ्हाईक परतवता येत नाही. त्यानं पडदा ओढला. मी पलीकडे काच घासत होतो. चाक बंद केलं. का बंद केलं ते सांगायला नको.

थोडा वेळ भिंगांचा खडखडाट. "हे स्पष्ट की हे?" "दुसरं." "आता?" "पहिलं." मग मफलर म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही कादंबरी वाचलीय ना. तुम्हाला काय वाटतं? नवऱ्याला माहीत असेल?"

दादा गप्प. भिंग बदलल्याचा आवाज. मग दादा म्हणाला, "असेल."

"कसं?"

"बॅग दारामागे होती. दिसतेच ना माणसाला."

"मग तो बोलला का नाही?"

"काय बोलणार? आता वाचा."

मफलरनं अक्षरं वाचली. मग म्हणाला, "पण काहीतरी केलं असेल ना त्यानं. माणूस नुसता बसून राहत नाही."

यावर दादा जे बोलला ते मी चाकापाशी उभा राहून ऐकलं. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. अंधारात समोरच्याचा चेहरा दिसत नाही म्हणून असेल.

"बॅगेचा पट्टा एका बाजूनं उसवला होता," दादा म्हणाला. "अर्ध्या वाटेत तुटला असता, सगळे कपडे रस्त्यावर. तिची फजिती झाली असती. ती झोपल्यावर त्यानं दुकानातून जाड दोरा आणला. चष्म्याच्या कातडी घरांना घालतो तो. दुहेरी टाका घातला. जायचंच असेल तर नीट जावं."

मफलर हलक्या आवाजात म्हणाला, "आणि त्या भाडेकरूचं काय? त्याच्यावर राग नव्हता?"

"राग?" दादा म्हणाला, आणि इथे त्याची गाडी घसरली. "मी त्याच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू मुद्दाम अर्धाच पिळायचो. व्हायोलिनवर हनुवटी टेकली की चष्मा खाली. दर दोन दिवसांनी यायचा, बसवून घ्यायला. मी म्हणायचो, तुमच्या नाकाचा दोष आहे. तासभर बसवून ठेवायचो. माझ्यासमोर बाकावर असला म्हणजे वर नसायचा."

मला मास्तर आठवला. बिचारा त्या बाकावर बसून आपलं नाक चाचपत असायचा. मी हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला.

आपण 'मी' म्हणालो हे दादाच्या लक्षात आलं असावं. "तुमचा नंबर बदललेला नाही," तो म्हणाला. "आणि हे वर बोलायचं नाही."

"नाही बोलणार, डॉक्टर," मफलर म्हणाला.

त्यानं शब्द पाळला. बोलला नाही, लिहिलं. पुढच्या खर्ड्यात नवरा बासरीवाल्याच्या कोटाचं बटण कच्च्या दोऱ्यानं लावून देतो, आणि ते नेमकं नको त्या वेळी तुटून पडतं. आणि तोच नवरा बायकोच्या बॅगेचा पट्टा पक्क्या दोऱ्यानं शिवतो. स्टँडवर बाकावर बसलेल्या बाईला तो टाका दिसतो. ती उठते आणि घरी येते.

वहिनीनं ते वाचलं आणि त्या दिवशी वरून हसण्याचा आवाज आला नाही. मफलर लवकर गेला. वहिनी खाली येऊन माझ्याजवळ स्टुलावर बसली. ती कधी मागे येत नाही, काचेची धूळ तिला सोसत नाही.

"भाऊजी, तुम्ही पुस्तक वाचलंत ना? त्या नवऱ्याला मी किती वर्षं डोक्यात घेऊन फिरले. मला हे कसं सुचलं नाही? परका माणूस येतो, चार महिने माझ्या घरचा चहा पितो, आणि माझ्या माणसाला माझ्याहून जास्त ओळखतो?"

"चांगलं आहे का ते?"

"चांगलं आहे म्हणून तर अंगाचा तिळपापड होतोय!"

मी काच पुसत राहिलो. मला सांगता येत नव्हतं आणि न सांगणंही जमत नव्हतं.

तिनं तो प्रसंग काढायचा हट्ट धरला. दिग्दर्शिका ऐकेना, तिला तो फार आवडला होता. मग वहिनी त्याच्यापेक्षा सरस काही लिहायला बसली. नवरा स्टँडवर लपून बघतो. फाडलं. नवरा आजारी पडल्याचं सोंग करतो. फाडलं. केर काढताना मला जिन्यावर नवऱ्याचे तुकडे सापडायचे. आणि मफलर आला की ती दात आवळून म्हणायची, "या. आज काय नवीन शोध लावलात माझ्या घरात?"

आता एकाच घरात दोघं एका माणसावर जळत होती, आणि कारणं वेगवेगळी.

रविवारी सकाळी दुकान बंद असताना वाचन ठेवलं. वरच्या घरात एवढी माणसं मावली नसती. फ्रेमांच्या कपाटांमध्ये खुर्च्या मांडल्या. दिग्दर्शिका, मफलर, वहिनी, नायिका आणि नवऱ्याचं काम करणारा नट. दादा आणि मी चहा द्यायला. दादा चहा देऊन वर जाईल असं मला वाटलं होतं. तो काउंटरमागे उभा राहिला.

वाचन चांगलं चाललं होतं. बॅगेचा प्रसंग आला. तिथे नवरा एक वाक्य पुटपुटतो, "जायचंच असेल तर नीट जावं." नटानं ते वाक्य असं म्हटलं, की आवाजात नुसतं पाणी. डोळे मिटलेले, हात थरथरताहेत. दिग्दर्शिकेनं मान डोलावली.

"असं नाही," दादा म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. एखादं कपाट बोलावं तशी ती माणसं बघत होती.

"तो रडत नव्हता," दादा म्हणाला. "तो चिडला होता. सुई दोनदा बोटात घुसली इतका चिडला होता. रागानं टाके घातले म्हणून तर इतके घट्ट बसले."

नट म्हणाला, "पण सर, पटकथेत तसं लिहिलेलं नाही. तुम्हाला कसं...?"

तो मध्येच थांबला, कारण वहिनी उभी राहिली होती. ती दादाकडे बघत होती. मग मफलरकडे बघितलं. मफलरनं मफलरमध्ये हनुवटी घातली. वहिनी परत दादाकडे वळली आणि जिना चढून गेली.

दादा तिच्या मागून गेला. पाहुणे चहाच्या कपांकडे बघत बसले. आणि जिना आमचा तसला. मी मोठमोठ्यानं खोकलो, खुर्च्या सरकवल्या, पण काही उपयोग झाला नाही.

"तुला माहीत होतं," वरून आवाज आला. वहिनीनं दादाला 'तू' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आजवर नेहमी अहो. "इतकी वर्षं तुला माहीत होतं."

"हं."

"हं म्हणू नकोस! तुझ्या तोंडातून एक वाक्य निघावं म्हणून मी आयुष्यभर झटले. भिंतीशी बोलावं तसं बोलले. आणि तू हे सांगितलंस कुणाला? त्या मफलरला! चार महिन्यांच्या ओळखीच्या माणसाला! मला नाही!"

"त्यानं विचारलं."

"मी विचारलं नाही?"

"नाही," दादा म्हणाला. आवाज शांत होता. "तू पुस्तक लिहिलंस. त्यात छापलंस की त्याला काही कळत नाही. मी म्हटलं, असू दे. तिला तसं हवं असेल."

खाली नायिका रुमालानं नाक पुसत होती. दिग्दर्शिका, मला शपथेवर सांगता येईल, कागदावर काहीतरी टिपून घेत होती.

मग वहिनी म्हणाली, "तो टाका मला दिसला नव्हता. आजपर्यंत. मी टाका बघून परत आले नाही, समजलं? तुझ्या त्या मित्राला वाटतं तसं नाही. माझी मी उठले आणि आले."

"बरं."

"का आले ते विचार."

दादा गप्प.

"विचार ना!"

त्यानंतर वरचं दार लागलं. पुढचं मला माहीत नाही. बऱ्याच वेळानं वहिनी खाली आली, डोळे लाल, पण चाल ताठ. खुर्चीवर बसली आणि दिग्दर्शिकेला म्हणाली, "प्रसंग राहू दे. पण एक बदल. तिला तो टाका दिसता कामा नये. स्टँडवर नाही, घरी आल्यावर नाही, कधीच नाही. लोकांना दिसला, पुरे झालं. ती आपल्या पायांनी परत येते. टाक्यानं ओढून नाही."

मफलर म्हणाला, "लेखिकाबाई, हे माझ्यापेक्षा फार चांगलं आहे."

"आहेच," वहिनी म्हणाली.

सिनेमा तसाच झाला. पहिल्या खेळाला आम्ही तिघं एका रांगेत बसलो. बटण पडलं तेव्हा थिएटर हसलं, आणि टाक्याच्या वेळी माझ्या शेजारची अनोळखी बाई हुंदके देत होती. पट्टा खांद्याला लावून नायिका बाकावर बसलेली, टाका तिच्या दंडाला अगदी टेकलेला, आणि ती दुसरीकडेच बघतेय. मीही डोळे पुसले. दादानं मात्र पूर्ण वेळ बासरीवाल्यावर नजर रोखली होती. बाहेर आल्यावर म्हणाला, "इतका देखणा नव्हता तो."

"होता," वहिनी म्हणाली.

घरी येईपर्यंत दादा बोलला नाही.

पडद्यावर पटकथेला दोन नावं आली, वहिनीचं आणि मफलरचं. दादाचं नाव घालू का असं मफलरनं विचारलं होतं. दादानं हात जोडले. पण दादाच्या त्या प्रसंगाचा त्रास पुढे वहिनीला झाला. जिथे बोलवतील तिथे लोक एकच विचारायचे, तो बॅगेचा प्रसंग पुस्तकात कोणत्या पानावर आहे? आणि तिला म्हणावं लागायचं, पुस्तकात नाही. प्रकाशकानं नव्या आवृत्तीवर सिनेमातलं चित्र छापलं आणि सुचवलं, की तो प्रसंग कादंबरीतही घाला, वाचक शोधतात. वहिनीनं साफ नकार दिला. "पुस्तक लिहिलं तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते त्यात येणार नाही," ती म्हणाली. पण मला माहीत आहे, एखादा वाचक भेटून "सिनेमा पुस्तकाहून सरस" म्हणाला की दिवसभर तिला जेवण गोड लागत नाही.

मफलरचे फोन अजून येतात, पण वहिनीसाठी नाही, दादासाठी. नवीन पटकथेत कुठे अडला की तो म्हणतो, "डॉक्टरांना द्या ना जरा." त्याला वाटतं, माणूस गप्प असला की त्याला सगळं कळतं. वहिनी दरवेळी सांगते, "ते कामात आहेत. दुकानात फार गर्दी आहे." मी समोर रिकाम्या दुकानात बसलेलो असतो.

परवाही आला. वहिनी खाली काउंटरवर होती, तिनंच उचलला. मफलरची अडचण बराच वेळ ऐकून घेतली, "गर्दी आहे," म्हणाली आणि ठेवला.

"कुणाचा होता?" दादानं अंधाऱ्या खोलीतून विचारलं.

"कुणाचा नाही. नंबर चुकला."

मग ती स्टूल घेऊन पडद्याच्या आत गेली. तिचा आवाज मला ऐकू आला. "अहो, समजा एक बाप आहे. मुलगी सांगते, मी लग्न करणार नाही. बाप तिच्यासमोर काही बोलत नाही, पण त्या संध्याकाळी तो काय करत असेल? सांगा. मला सांगा."

"आधी चहा टाक," दादा म्हणाला.